जव्हारच्या नव्या पेठेतलं वळण

जव्हारला नोकरीवर रुजू झालो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि आपल्याला जमीन वाचता येते असा माझा ठाम समज होता. पुण्यात मोजणीचं आणि नकाशांचं शिक्षण झालं होतं. पहिलं महायुद्ध संपून थोडा काळ लोटला होता. संस्थानच्या बांधकाम खात्याला नकाशे काढणारा माणूस हवा आहे असं कळलं, मी अर्ज केला, आणि महिन्याभरात त्र्यंबकच्या बाजूने बैलगाडीत बसून डोंगर उतरत-चढत तिथे पोचलो.

पहिल्या दिवसापासून माझा गोंधळ उडाला. गाव नदीकाठी वसतं, पाण्याच्या आधाराने वाढतं, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे गाव डोंगराच्या माथ्यावर आणि नद्या सगळ्या खाली दरीत. चारही बाजूंना जमीन तुटलेली. पावसाळ्यात इतकं पाणी कोसळे की दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी ऐकू येत नसे. आणि चैत्र आला की बायका हंडे घेऊन अर्धा डोंगर उतरून जात. इतका पाऊस पडून पाणी जातं कुठे, हे मी पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांना विचारलं. ते हसले. मला वाटलं प्रश्न मूर्खपणाचा असावा. पुढे लक्षात आलं की उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

माझे वरिष्ठ म्हणजे खात्याचे मुख्य इंजिनिअर. आम्ही सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचो. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. कागदावर सही करण्याआधी टाकाचं टोक हवेत धरून बराच वेळ थांबायची त्यांना सवय होती. समोरच्या माणसाला वाटे, आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी मला आधी सगळ्या गावाचा नकाशा करायला सांगितलं. मी मोजणीची साखळी धरून गल्ल्यांतून फिरलो. एका घराची ओटी दुसऱ्या घराच्या पाठीला आलेली, रस्ता सरळ जाता जाता विनाकारण वळलेला, दोन घरांच्या मधे गाडी उभी राहील एवढी जागा मोकळी सोडलेली आणि तिसरं घर मात्र चौथ्याला खेटून. रोज संध्याकाळी कागदावर रेघा ओढून मी या सगळ्याचं सूत्र शोधायचो. ते सापडत नव्हतं. शेवटी मी ठरवलं की ही माणसं बेफिकीर आहेत, जिथे जागा दिसली तिथे बांधत गेली.

नकाशा पुरा झाल्यावर खरं काम आलं. जुना बाजार अपुरा पडत होता. त्याच्या पूर्वेच्या माळावर नवी पेठ वसवायची असं दरबारात ठरलं. रावसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मधोमध चौक. आणि चौकात नळ."

नळ हा रावसाहेबांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. वरच्या टेकाडावर एक टाकी बांधायची, पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि लोखंडी नळांतून ते आपसूक चौकात उतरवायचं, अशी त्यांची योजना होती. ते नळ मुंबईहून मागवलेले, गाड्यांवर लादून घाट चढून आणलेले. गावातली माणसं येऊन त्यांच्यातून आरपार बघत, आत तोंड घालून हाका मारत. मलाही त्या कामाचं फार अप्रूप वाटे. आपण या डोंगरावर काहीतरी नवीन आणतो आहोत असं वाटे.

फाल्गुनात मी माळावर रस्त्याची आखणी केली. दुर्बिणीच्या यंत्रातून उतार पाहिला आणि ओळीने लाकडी खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर मधली एक खुंटी दोन हात डावीकडे सरकलेली. गुरांचा पाय लागला असेल म्हणून मी ती परत जागेवर लावली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा हललेली, आणि तिच्या पुढच्या-मागच्या दोन-दोन खुंट्याही हललेल्या. त्या अशा हलल्या होत्या की सरळ रेघेला छान गोल बाक आला होता. गुरं काही एवढ्या नेटकेपणाने खुंट्या हलवत नाहीत.

त्या दिवशी दुपारी मजूर भाकरी खायला बसले तेव्हा मी जेवायला गेलो नाही. ऐनाच्या झाडाखाली बसून राहिलो. थोड्या वेळाने मजुरांतली एक बाई उठली, सरळ माझ्या खुंट्यांपाशी आली, एक उपटली, सरकवली आणि दगडाने ठोकू लागली. लपूनछपून नाही, आपल्या अंगणातलं काम करावं तशी. चाळिशीची असेल. जामसर गावच्या एका पाड्यावरून रोज चालत कामावर यायची, एवढं मला माहीत होतं.

मी धावत गेलो. "बाई, ही खुंटी कुणाची आहे?"

"तुझी," ती म्हणाली.

"मग तू का हलवतेस?"

"अठं पानी येतं."

आमच्या घरी कुणी परका माणूस मला असं एकेरीत बोलला नव्हता. तिकडची माणसं रावसाहेबांनाही अरे-तुरे करतात आणि त्यात अनादर नसतो, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मात्र रागवावं की नाही हेच कळेना. मी यंत्राकडे बोट दाखवलं.

"हा उंचवटा आहे. मी मोजलंय. पाणी उंचवट्यावर कसं येईल?"

"वरून नाय येत. खालून येतं." तिने टाच जमिनीवर आपटली. "भुईतून. भाताची आवणी झाली का येतं."

"तू पाहिलंयस?"

"लहान होती तवा गुरं चारायची अठं. गुरं पानी प्यायची."

ती परत जाऊन बसली आणि भाकरी खाऊ लागली. मी दुपारभर यंत्र लावून बसलो. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. जागा उंच होती, दोन्हीकडे उतार होता, माती कोरडी ठणठणीत, खाली कातळ. तरीही संध्याकाळी मी रावसाहेबांना ही गोष्ट सांगितली.

रावसाहेब म्हणाले, "कुणीतरी म्हणतं म्हणून रस्ता वाकवायचा, तर मग यंत्र कशाला घेतलं आपण? खुंट्या जागेवर लावा."

मी त्या लावल्या. ती बाई मातीची पाटी डोक्यावर घेऊन जवळून गेली, तिने पाहिलं आणि पुढे गेली. त्यानंतर तिने एकही खुंटी हलवली नाही. तिने पुन्हा हलवली असती तर मला बरं वाटलं असतं, मला रागावता आलं असतं. तिचं ते गप्प राहणं मात्र मला दिवसेंदिवस खटकत राहिलं.

त्याच सुमारास जामसरच्या वाटेवरची एक मोरी खचली होती, ती पाहायला मला पाठवलं. काम उरकल्यावर मी विचारत विचारत तिच्या पाड्यावर गेलो. ती घरीच होती, त्या दिवशी कामावर आली नव्हती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. कुडाच्या भिंतीच्या सावलीत तिने मला बसायला पाट दिला आणि तांब्याभर पाणी दिलं. ते पाणी तिने कुठून आणलं असेल हे वाटेत मी पाहिलं होतं, म्हणून मी दोनच घोट घेतले आणि तांब्या परत दिला.

पाडा म्हणजे दहा-बारा घरं, डोंगराच्या कुशीत विखुरलेली. मी वही काढली आणि त्यांचा कच्चा नकाशा काढू लागलो. काढताना जाणवलं की यातलं एकही घर समोरच्याशी जुळत नाही, आणि तरी एकही घर चुकीच्या जागी आहे असं वाटत नाही.

"घर इथेच का बांधलं?" मी तिला विचारलं.

"सासरा बोलला."

"पण त्याने इथे का सांगितलं?"

तिला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. तिने हात करून दाखवलं. "अठं वारा पाठीला लागतो. तठं पावसात पान्याचा वहाळ फुटतो. आन् तठं देव हे."

माझ्या वहीत रकाने होते ते उताराचे आणि मातीचे. वाऱ्याचा एक मी तिथल्या तिथे वाढवला. देवाचं काय करायचं ते मला उमगलं नाही. तो दगड, शेंदूर लावलेला, नकाशावर एक टिंब म्हणून दाखवला, पण त्याच्यामुळे तीन घरं बाजूला सरकली आहेत हे टिंबातून कसं दिसणार?

परत निघताना तिने मला पाड्याच्या टोकाचं एक रिकामं घर दाखवलं. छप्पर गेलेलं, कूड पडलेला. "यांनी नाय ऐकलं," ती म्हणाली. "दोन पावसाळे राहिले." आत जाऊन पाहिलं तर चुलीच्या खड्ड्यात बारीक गाळ बसला होता, हाताने सारवल्यासारखा सपाट. पाणी खालून आलं होतं. त्या घराची जागाही उंचच होती.

तो गाळ पाहून मी हललो. दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून मी नवा नकाशा काढला. पेठेच्या रस्त्याला मधे बाक दिला, जवळपास तिने दिला होता तेवढाच, आणि चौक थोडा खाली सरकवला. कारणाच्या जागी बाईचं नाव लिहिणं शक्य नव्हतं. मी लिहिलं, 'सरळ रेषेत कातळ फार कठीण, फोडण्यास अवघड.' हे धादांत खोटं होतं. रावसाहेबांनी तो कागद हातात घेतला, टाक हवेत धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग त्यांनी सही केली.

त्या उन्हाळ्यात काम झपाट्याने झालं. रस्त्याच्या आणि जोत्यांच्या दगडासाठी माळाच्या वरच्या अंगाला खाण उघडली होती, तिथेच दगड फोडून खाली आणत. ज्येष्ठाच्या तोंडावर दहा-बारा दुकानांची छपरं चढली. चौकात नळ बसला. रावसाहेबांनी स्वतः तोटी फिरवली आणि टाकीत मुद्दाम भरून ठेवलेलं पाणी खळखळ आलं, तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा हात पुढे करून उभी राहिली. ती बाईही गर्दीत होती. तिने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि मला म्हणाली, "हे आमच्या पाड्यावर चढल का?"

"नाही," मी म्हणालो. "पाणी वरून खालीच येतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. 'खालून येतं' म्हणणाऱ्या बाईला मी काय बोललो हे मला थोडं उशिराच कळलं, आणि मी नजर वळवली.

मग पावसाळा आला, भाताची रोपं लावून आवणी झाली. मी रोज इरलं डोक्यावर घेऊन माळावर जायचो आणि जिथून आधी सरळ रस्ता जायचा होता ती जागा पाहायचो. चिखल होता, जसा सगळीकडे होता. पण भुईतून पाणी काही आलं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मला वाटू लागलं, एका बाईच्या लहानपणीच्या आठवणीपायी मी खोटं लिहिलं, चांगला सरळ रस्ता वाकडा केला आणि वरिष्ठांना फसवलं. नोकरी सोडावी असंही मनात येऊन गेलं.

अशाच एका सकाळी पेठेतला धान्याचा व्यापारी कचेरीत मला शोधत आला. "जरा दुकानात येता का?" एवढंच म्हणाला. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. आत गेलो तर फरशीच्या सांध्यांमधून पाणी येत होतं. गढूळ नाही, स्वच्छ, थंड, शांतपणे वर येणारं. खालच्या थराची पोती भिजली होती. व्यापारी चिडलेला नव्हता, बावरलेला होता. "छप्पर गळत नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "छप्पर मी स्वतः पाहिलंय." शेजारचे दुकानदार दारात येऊन बघत होते. मी फरशीवर हात टेकवून बसलो. बोटांखाली ते पाणी लहान झऱ्यासारखं उसळत होतं. सरळ रस्ता ठेवला असता तर चौक वर राहिला असता, आणि हे दुकान या जागी आलंच नसतं. वाकवला तो मी.

बाई पावसाळ्यात कामावर नसे, शेतात असे. मी जामसरला निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी ती आली, दुकानाच्या दारात उभी राहिली आणि आत पाहिलं. तिलाही नवल वाटलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. तिला माहीत असेल अशी माझी अपेक्षा होती.

"तू सांगितलंस तिथे आलं नाही," मी म्हणालो. "इथे आलं."

ती बाहेर आली, वर माळाकडे बघत राहिली. खाणीच्या जागी आता मोठा खड्डा होता, पाण्याने भरलेला. "वरचा दगड काढला तुमी," ती म्हणाली.

"म्हणून इकडे वळलं?"

"मला काय ठाव."

"पण आधी तिथेच येत होतं ना?"

"तवा येत होतं," ती म्हणाली. तिने व्यापाऱ्याकडून मीठ घेतलं आणि ती गेली.

त्याच दिवशी मी रावसाहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कातळाचं खोटं, पाड्यावर जाणं, चुलीतला गाळ, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कातळ कठीण नव्हता हे मला ठाऊक होतं. तिथे पहार मीच मारून पाहिली होती."

"मग सही का केलीत?"

"मला वाटलं तुम्हाला काहीतरी नक्की माहीत आहे."

"मला वाटलं तिला माहीत आहे."

रावसाहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला कधी नव्हे इतका थकलेला दिसला. "आणि खाण कुठे उघडायची ते मी ठरवलं," ते म्हणाले. "त्याबद्दल मी कुणालाच विचारलं नाही." माझ्यावर कारवाई होईल म्हणून मी तयार होऊन गेलो होतो. ती झाली नाही. ते उठले, छत्री घेतली आणि म्हणाले, "चला, बघू तरी कसं येतं ते."

आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. रावसाहेब जोडे काढून पाण्यात उभे राहिले. तिथे उभ्यानेच त्यांनी ठरवलं की हे बुजवायचं नाही. बुजवलं तर ते दुसऱ्या कुणाच्या चुलीखालून येईल. व्यापाऱ्याला पलीकडे जागा दिली, त्याचं दुकान उतरवलं आणि पाऊस ओसरल्यावर त्या ठिकाणी दगडी हौद बांधला. हौदातून निघालेलं पाणी रस्त्याच्या कडेने उघड्या गटारातून खाली नेलं. चौक चौकोनी राहिला नाही. एक कोपरा हौदाने खाल्ला, म्हणून समोरची दुकानं तिरपी करावी लागली. ती तिरपी झाली म्हणून त्यांच्यामागची गल्ली वळली. दोन वर्षांत माझी नवी पेठ जुन्या गावासारखी दिसू लागली. परका माणूस आला असता तर त्यानेही म्हटलं असतं की ही माणसं बेफिकीर आहेत.

नळाचं काय झालं तेही सांगतो. टाकी माघातच तळाला जायची आणि उन्हाळाभर तोटी कोरडी असायची. रावसाहेब तरी दर वर्षी टाकी मोठी करत राहिले. हौदाला पाणी मार्गशीर्षापर्यंत असे, एखाद्या वर्षी होळीपर्यंत. कोणतंच पुरेसं नव्हतं. दोन्ही मिळून खालच्या आळीच्या बायकांची डोंगरातली खेप काही महिने तरी चुकायची, एवढं खरं.

एकदा मुंबईकडचे एक मोठे इंजिनिअर संस्थानात पाहुणे म्हणून आले होते. त्यांना पेठ दाखवली. रस्त्याचं वळण, हौद, गटार सगळं त्यांनी बारकाईने पाहिलं आणि म्हणाले, "जमिनीचा कल ओळखून किती विचाराने आखलंय हे. कुणाची आखणी?" रावसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. मी काहीतरी पुटपुटलो. यात माझं किती, बाईचं किती, खाणीचं किती आणि चुकीचं किती, याचा हिशोब मला कधीच लागला नाही. रस्ता सरळ ठेवला असता आणि खाण उघडली नसती तर? रस्ता वाकवला असता पण खाण दुसरीकडे असती तर? मी कितीतरी वेळा कागदावर हे मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी पाणी वेगळ्याच दुकानातून निघायचं.

ती बाई पुढची दोन वर्षं कामावर येत होती. मग यायची थांबली. तिच्या मुलीचं लग्न वाडा तालुक्याकडे झालं आणि ती तिच्याकडे राहायला गेली असं मजुरांनी सांगितलं.

पुढे रावसाहेब निवृत्त झाले आणि मी संस्थानची नोकरी सोडली. ब्रिटिश हद्दीत, मोखाड्याकडे, विहिरींच्या कामावर लागलो. खोडाळ्याला मुक्काम असायचा. तिथून एका उन्हाळ्यात सूर्यमाळला गेलो. जंगलातले उंचावरचे पाडे, एकमेकांपासून लांब, आणि पाण्याचे हाल जव्हारच्या दसपट. विहिरीची जागा मी ठरवायची होती. मी यंत्र काढलं, उतार पाहिले, एक जागा निवडली. मग पाड्यावरच्या माणसांना गोळा करून विचारलं. एका म्हाताऱ्याने एक जागा दाखवली, त्याच्या सुनेने दुसरी, आणि गुरं वळणाऱ्या एकाने तिसरीच. तिघंही खात्रीने बोलत होते. माझी चौथी.

दोन दिवस मी त्या चार जागांमधून फिरलो. वाळलेली पानं पायाने बाजूला करून माती पाहिली, कातळावर कान ठेवून पाहिला; त्यातून काही ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. शेवटी सुनेने दाखवलेली जागा धरली. ती रोज हंडा घेऊन सर्वांत लांब जात होती, एवढंच त्याचं कारण. विहिरीला पाणी लागलं. बेताचंच, पण वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत टिकणारं. पाड्यावरच्या लोकांनी मला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि भाजी जेवायला घातली, आणि म्हातारा माझ्या शेजारी बसून म्हणाला की त्याच्या जागी खणलं असतं तर याहून जास्त लागलं असतं. मी त्याला हो म्हणालो. तसं असेलही.